एमआरआय ‘नॉर्मल’, पण फिट थांबत नाहीत: उगम शोधायचा कसा?

डोंबिवलीच्या एका ताईंनी विचारलं आहे, ते थोडक्यात असं. धाकटा भाऊ २३ वर्षांचा, सगळी कामं उजव्या हाताने करणारा. दीड वर्षाचा असताना तापात पाऊण तास आकडी आली होती. चौदाव्या वर्षी फिट सुरू झाल्या. आधी पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं वाटतं, मग तो टक लावून बघतो, तोंड चघळल्यासारखं हलवतो, डाव्या हाताने शर्टाशी चाळा करतो आणि उजवा हात वाकडा होऊन ताठरतो. दीड मिनिटात थांबतं, पण नंतर पाच-दहा मिनिटं त्याला शब्द सापडत नाहीत. महिन्यातून तीन-चार वेळा होतं. तीन औषधं झाली. दोन वर्षांपूर्वीचा एमआरआय ‘नॉर्मल’, ईईजीत, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या आलेखात, डावीकडे शार्प वेव्ह, म्हणजे टोकदार लाटा. आता एक डॉक्टर व्हिडिओ ईईजी आणि पुन्हा एमआरआय सांगतात, दुसरे पेट स्कॅन, आणि स्पेक्टचंही नाव निघालं आहे. एकदा नॉर्मल आलेला एमआरआय पुन्हा का करायचा? आणि यातल्या नेमक्या कोणत्या तपासणीत फिट कुठून सुटते ते दिसतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: एकाही नाही. एमआरआयमध्ये मेंदूची ठेवण दिसते. पेटमध्ये साखर कुठे कमी जळते ते दिसतं. स्पेक्टमध्ये फिटच्या वेळी रक्त कुठे धावलं ते दिसतं. ‘इथून फिट सुटते’ हे कुठल्याच चित्रावर लिहिलेलं नसतं, ते अनुमान आपण काढतो. जो भाग काढल्यावर फिट कायमच्या थांबतात तोच खरा उगम, म्हणजे पक्का पुरावा शस्त्रक्रियेनंतरच हाती येतो. त्याआधी वेगवेगळ्या वाटांनी गेलेले पुरावे एकाच जागी पोचतात का, एवढंच तपासता येतं. म्हणून चित्र काढण्याआधी ‘कुठे बघायचं’ हे ठरलेलं असावं लागतं, आणि ते ठरतं तुम्ही वर लिहिलेल्या वर्णनावरून.

त्या वर्णनात किती काय आहे बघा. पोटातून वर चढणारी भावना, टक लावणं, चघळणं: ही टेम्पोरल लोबच्या, म्हणजे कानशिलाच्या आतल्या भागाच्या फिटची नेहमीची खूण. त्यातही लोबच्या आतल्या बाजूला असलेल्या हिप्पोकॅम्पसची. उजवा हात वाकडा होऊन ताठरतो, याचा अर्थ विरुद्ध, म्हणजे डावी बाजू. ताठरलेल्या हाताची ही खूण फार भरवशाची आहे. चाळा करणारा हात बहुधा उगमाच्याच बाजूचा असतो. इथे तोही डावा. नंतर शब्द न सापडणं हे भाषेच्या बाजूकडे बोट दाखवतं, आणि उजव्या हाताने काम करणाऱ्यांत ती बहुतेक वेळा डावीच असते. लहानपणी तापात लांबलेली आकडी, मग काही वर्षं शांतता, मग किशोरवयात फिट: हिप्पोकॅम्पल स्क्लेरोसिस या विकारात, म्हणजे हिप्पोकॅम्पस सुकून कडक होण्यात, हा इतिहास वारंवार सापडतो. हे सगळं एक रुपया खर्च न होता कळलं. पुढच्या तपासण्या हा अंदाज खरा की खोटा ते ठरवायला आहेत.

म्हणून पुढची फिट आली की मोबाइलवर व्हिडिओ काढा. कांदा, चप्पल यांच्या मागे कुणी धावू नये. त्याला कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, आणि एकाने मोबाइल धरा. चेहरा आणि दोन्ही हात चौकटीत हवेत, पांघरूण बाजूला करा, दिवा लावा. फिट चालू असताना नाव विचारा, एखादा शब्द सांगून ‘लक्षात ठेव’ म्हणा. थांबल्यावर लगेच कॅमेरा बंद करू नका. पेन, घड्याळ, चमचा दाखवून ‘हे काय?’ असं विचारत राहा आणि अचूक उत्तर यायला किती मिनिटं लागली ते नोंदवा. फिटनंतर तो कोणत्या हाताने नाक पुसतो हेही बघा. हसू येईल, पण टेम्पोरल फिटमध्ये नाक पुसणारा हात बहुधा उगमाच्या बाजूचाच असतो.

आता एमआरआय. रिपोर्टवरच्या ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की त्या मशीनवर, त्या पद्धतीने काढलेल्या चित्रांत, ते बघणाऱ्या डोळ्यांना काही सापडलं नाही. जर्मनीतल्या बॉन इथल्या गटाने २००२ मध्ये हेच मोजलं होतं. औषधांना दाद न देणाऱ्या रुग्णांचे साधे एमआरआय नेहमीच्या रेडिओलॉजिस्टनी वाचले, तेव्हा खोट असलेल्यांपैकी ३९ टक्क्यांत ती सापडली. तीच चित्रं अपस्माराच्या, म्हणजे फिटच्या आजाराच्या, तज्ज्ञांनी वाचली तेव्हा ५० टक्क्यांत. आणि अपस्मारासाठीच्या खास पद्धतीने पुन्हा एमआरआय काढून तज्ज्ञांनी वाचला तेव्हा ९१ टक्क्यांत. फरक मशीनइतकाच पद्धतीचा आणि वाचणाऱ्याचा आहे.

हिप्पोकॅम्पसच्या बाबतीत हे का होतं ते समजून घ्यायला अळूवडीचा उंडा डोळ्यांसमोर आणा. हिप्पोकॅम्पस तसाच आहे, गुंडाळलेल्या थरांचा, चारेक सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर उंच. उंडा आडवा कापला तर चकतीवर आतले वेटोळे दिसतात. लांबीच्या दिशेने चिरला तर नुसते पट्टे. डोकेदुखी किंवा अर्धांगवायूसाठी जो साधा एमआरआय होतो, त्यातले मुख्य काप पाच-पाच मिलिमीटर जाडीचे असतात, मध्ये थोडी जागा सोडलेली असते, आणि ते या उंड्याला जवळपास लांबीतच चिरतात. एका हिप्पोकॅम्पसमधून असे दोन-तीन काप जातात. त्यात एक बाजू थोडी बारीक आहे, आतले थर पुसट झाले आहेत, हे कसं दिसणार? तुमच्या भावाच्या अंदाजात ज्या भागावर संशय आहे, नेमका तोच भाग जुन्या एमआरआयमध्ये नीट बघितलाच गेला नसण्याची शक्यता मोठी आहे. पुन्हा काढायचं कारण हे.

अपस्मारासाठी कोणती चित्रं किमान असावीत ते इंटरनॅशनल लीग अगेन्स्ट एपिलेप्सी या जागतिक संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये ठरवून दिलं. त्याला हार्नेस प्रोटोकॉल म्हणतात. त्यात तीन गोष्टी आवश्यक आहेत. पहिली, टी१ प्रकारचं त्रिमित चित्र, प्रत्येक बाजूला १ मिलिमीटरचे ठोकळे, मध्ये जागा न सोडता. हे कुठल्याही दिशेने पुन्हा कापून बघता येतं. दुसरी, तसंच १ मिलिमीटरचं त्रिमित फ्लेअर, ज्यात मेंदूतलं पाणी काळं होतं आणि खोट असलेली जागा उजळ उठून दिसते. तिसरी, टी२ प्रकारचे कोरोनल, म्हणजे एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे उभे काप, २ मिलिमीटर जाडीचे, ०.४ मिलिमीटर बारकाव्याचे, हिप्पोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात. ही उंड्याची चकती. काटकोनाची ही अट टेक्निशियनने मशीनवर बसून पाळायची असते, आणि चुकते ती इथेच. डोक्याला सरळ उभे काप घेतले तर चकत्या तिरप्या पडतात आणि दोन्ही बाजूंची तुलना फसते. डोकं किंचित कलतं राहिलं तरी तेच: एकीकडे हिप्पोकॅम्पसचा जाड भाग, दुसरीकडे निमुळता, आणि रिपोर्टात ‘उजवा बारीक’.

यांच्या जोडीला एसडब्ल्यूआय नावाचं चित्र हवं. त्यात जुना रक्तस्राव, कॅव्हर्नोमा नावाची रक्तवाहिन्यांची गाठ आणि कॅल्शियमचे ठिपके दिसतात. आपल्याकडे हे विशेष महत्त्वाचं, कारण फीतकृमीच्या अळीमुळे मेंदूत होणारी गाठ, सिस्टिसर्कोसिस, भारतात भरपूर आढळते आणि बरी झाल्यावर मागे कॅल्शियमचा खडा ठेवते. खडाच आहे ना, एवढं पक्कं करायला साधा सीटी स्कॅन अजूनही उत्तम. पण खडा सापडला म्हणजे चोर सापडला, असं नाही. टेम्पोरल फिटच्या एखाद्या रुग्णात असा खडा पाठीमागच्या लोबमध्ये बसलेला असतो आणि हिप्पोकॅम्पसही सुकलेला असतो. खड्यावर ठपका ठेवून फाइल बंद झाली की खरा उगम वर्षानुवर्षं तसाच राहतो.

मशीन ३ टेस्लाचं (टेस्ला हे चुंबकाच्या ताकदीचं माप) मिळालं तर घ्या, पण अट तीच: पद्धत अपस्माराची हवी. १.५ टेस्लावर नीट काढलेला एमआरआय ३ टेस्लावर घाईत उरकलेल्यापेक्षा बरा. आत साधारण अर्धा ते पाऊण तास पडून राहावं लागतं. त्रिमित चित्राला सलग चार-सहा मिनिटं लागतात आणि त्यात एकदा मान हलली तर संपूर्ण चित्रावर लाटा उमटतात. कडेला उशा घट्ट लावून घ्या, आधी लघवीला जाऊन या. कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन नेहमी लागत नाही. गाठ, संसर्ग किंवा रक्तवाहिन्यांचा विकार वाटला तरच. लागोपाठ फिट येऊन गेल्यावर लगेच एमआरआय काढला तर हिप्पोकॅम्पस किंवा मेंदूचा पृष्ठभाग तात्पुरता सुजून उजळ दिसतो आणि तीच खोट समजली जाते. असं झालं असेल तर काही आठवड्यांनी पुन्हा बघावं.

चिठ्ठीवर नुसतं ‘एमआरआय ब्रेन, फिट्स’ असू नये. डॉक्टरांकडून असं काहीतरी लिहून घ्या: ‘अपस्मार प्रोटोकॉल, डाव्या मेसियल टेम्पोरल उगमाचा संशय, उजव्या हाताची डिस्टोनिया, ईईजीत डावीकडे शार्प वेव्ह, हिप्पोकॅम्पसला काटकोनात कोरोनल टी२.’ (मेसियल म्हणजे आतल्या बाजूचा, डिस्टोनिया म्हणजे हाताचं ते वाकडं ताठरणं.) ही एक ओळ मशीनमधल्या जादा टेस्लांपेक्षा जास्त कामाची असू शकते. आणि घरी येताना फिल्म नको, सीडी किंवा पेन ड्राइव्ह मागा, सगळ्या सिरीजसह, डायकॉम या मूळ डिजिटल स्वरूपात. फिल्मवरचं चित्र पुन्हा कापता येत नाही. व्हॉट्सॲपवर फिल्मचा फोटो पाठवून ‘डॉक्टर, जरा बघा ना’ म्हणणं म्हणजे उंड्याचा फोटो पाठवून मीठ बरोबर आहे का विचारण्यासारखं आहे.

चित्रात काय शोधायचं? हिप्पोकॅम्पस बारीक होणं, टी२ आणि फ्लेअरमध्ये उजळणं, आतले थर पुसणं. सोबतीला त्याच बाजूचे, हिप्पोकॅम्पसशी जोडलेले फॉर्निक्स आणि मॅमिलरी बॉडी हे भाग बारीक होतात, टेम्पोरल लोबच्या टोकाला राखाडी आणि पांढऱ्या भागातली सीमा धूसर होते. फसगतीच्या दोन जागा सांगून ठेवतो. ३ टेस्लावर फ्लेअरमध्ये निरोगी हिप्पोकॅम्पसही थोडा उजळच दिसतो, म्हणून नुसत्या उजळपणावर न जाता दुसऱ्या बाजूशी तुलना करावी लागते. दुसरी, काही लोकांत हिप्पोकॅम्पस जन्मतःच पूर्ण गुंडाळला गेलेला नसतो, गोल आणि उभट दिसतो, बहुतेक वेळा डावीकडेच. फिट नसलेल्या माणसांतही हे सापडतं, त्यामुळे ते दिसलं म्हणून उगम ठरत नाही.

हिप्पोकॅम्पस ठीक निघाला तर पुढचा संशयित म्हणजे फोकल कॉर्टिकल डिस्प्लेसिया, गर्भात असताना मेंदूच्या सालीची घडी बिघडलेली जागा. साल थोडी जाड, तिची आतली कड पुसट, कधी तिथून आतल्या पोकळीकडे जाणारा उजळ शेपटासारखा पट्टा. हे बहुधा घळीच्या तळाशी लपलेलं असतं, आणि ईईजीने ‘या भागात बघा’ असं सांगितल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वाचनात सापडतं. लहान मुलांत आणखी एक अडचण: साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत मेंदूवर मायलिनचं वेष्टण चढत असतं आणि त्या काळात राखाडी-पांढऱ्याचा फरकच बुजतो. म्हणून बाळाचा एमआरआय नॉर्मल आला तरी दोन-अडीच वर्षांनंतर पुन्हा काढावा लागतो.

व्हिडिओ ईईजीबद्दल. तुमच्याकडे आहे तो अर्ध्या-पाऊण तासाचा, दोन फिटच्या मधल्या काळातला ईईजी. त्यातल्या शार्प वेव्ह म्हणजे चिडलेला भाग, आणि तो उगमापेक्षा मोठा असतो. फिट चालू असतानाचा ईईजी हवा म्हणून तीन ते पाच दिवस दाखल करतात, औषधं हळूहळू कमी करतात आणि निदान तीन-चार नेहमीच्या फिट नोंदवतात. औषध कमी करणं हे फक्त वॉर्डमध्ये, हाताला सुई लावलेली आणि लोराझेपाम किंवा मिडाझोलाम हे फिट थांबवणारं औषध शेजारी तयार असताना. ‘लवकर फिट यावी’ म्हणून घरीच दोन दिवस आधी गोळ्या बंद करून येणारे असतात. त्यातून लांबलेली फिट आणि आयसीयू एवढंच मिळतं. कधीकधी तर नेहमीपेक्षा वेगळ्याच जागेहून फिट येते आणि सगळा हिशेब बिघडतो.

मग ईईजीवरच का भागत नाही? डोक्यावरच्या इलेक्ट्रोडला काही दिसायचं तर पृष्ठभागावरची साधारण १० चौरस सेंटिमीटर साल एकाच वेळी पेटावी लागते. हिप्पोकॅम्पस खोल आहे. तिथे फिट सुरू होऊन पोटातली भावनाही येऊन जाते, तरी वरची रेघ शांतच असते. काही सेकंदांनी कानशिलावर सेकंदाला पाच ते नऊ लाटांची लय दिसू लागते. तोवर आग शेजारच्या खोलीत पोचलेली असते. ईईजी वेळ अचूक सांगतो आणि जागा ढोबळ. एमआरआय जागा अचूक सांगतो, पण वेळेचं त्याला काही कळत नाही. दोन्ही एकत्र वाचायची ती यासाठी.

भावाच्या व्हिडिओ ईईजीत सगळ्या फिट डाव्या टेम्पोरलहून आल्या आणि नव्या एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस सुकलेला दिसला, तर माझ्या मते उगमाचा शोध तिथे संपतो. पेट नको, स्पेक्ट नको. प्रत्येक जादा तपासणी थोडी शंका सोबत आणते, आणि जिथे निर्णय बदलणारच नाही तिथे ती शंका विकत घेऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारा: ‘या तपासणीचं उत्तर असं आलं तर काय करणार, आणि तसं आलं तर काय?’ दोन्हींचं उत्तर एकच असेल तर ती तपासणी टाळता येते.

एमआरआय पुन्हा नॉर्मल आला, किंवा चित्र एक म्हणतं आणि ईईजी दुसरंच, तर पेटची पाळी. भारतातलं पहिलं पेट मशीन २००२ मध्ये आपल्या परळलाच, भाभा अणुसंशोधन केंद्राच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये सुरू झालं. यात एफडीजी, म्हणजे फ्लोरिन-१८ जोडलेली साखर शिरेतून देतात. उगमाचा भाग फिट नसताना सुस्त असतो, साखर कमी घेतो, म्हणून तिथे रंग फिका पडतो. चार ते सहा तास उपाशी जावं लागतं, पाणी चालतं, आणि फिटच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्यायच्याच. मधुमेह असेल तर आधी कळवा. रक्तातली साखर वाढलेली असेल तर चित्र पुसट येतं. इंजेक्शननंतर अर्धा ते एक तास मंद उजेडाच्या खोलीत गप्प पडून राहायचं, मोबाइल नाही, गप्पा नाहीत, कारण बघितलं-बोललं की मेंदूचे ते ते भाग साखर खातात. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. ज्या केंद्राचा स्वतःचा सायक्लोट्रॉन, म्हणजे ते बनवणारं यंत्र, नाही तिथे डोस सकाळी गाडीने येतो. दिलेल्या वेळेला तुम्ही ट्रॅफिकमध्ये अडकलात तर तुमच्यासाठी थांबायची औषधाची तयारी नसते.

पेटमध्ये मोठी चूक होते ती अशी. इंजेक्शननंतरच्या त्या अर्ध्या तासात डावीकडे छोटी, बाहेर न दिसणारी फिट येऊन गेली, तर डावी बाजू साखर भरपूर घेते आणि तुलनेत निरोगी उजवी बाजू ‘फिकी’ दिसते. बाजूच उलटी. म्हणून त्या वेळात ईईजी लावलेला असावा, आणि शेवटची फिट कधी आली तेही लिहून न्यावं. दुसरी गोष्ट, फिका भाग उगमापेक्षा बराच मोठा असतो. हिप्पोकॅम्पसचा आजार असला तरी सगळा टेम्पोरल लोब फिका दिसू शकतो. पेट बाजू आणि लोब सांगतं, कापायची रेघ सांगत नाही. चित्र एमआरआयवर बसवूनच वाचावं. नुसत्या रंगीत छापील पानावर विसंबू नका, रंगांची पट्टी थोडी सरकवली की नॉर्मलचं ॲबनॉर्मल होतं.

स्पेक्ट ही कल्पना सुंदर आहे आणि करायला अवघड. टेक्नेशियम-९९एम जोडलेलं औषध, एचएमपीएओ किंवा ईसीडी, फिट सुरू होताच शिरेत सोडायचं. ते रक्ताबरोबर मेंदूत जातं, मिनिटभरात पेशींत अडकतं आणि मग हलत नाही. म्हणजे फिटच्या क्षणाचा शिक्का बसतो, आणि स्कॅन पुढच्या तीन-चार तासांत, रुग्ण शांत झाल्यावर काढता येतो. सगळं अवलंबून आहे ‘सुरू होताच’ या शब्दांवर. पहिल्या २०-३० सेकंदांत औषध आत गेलं पाहिजे, म्हणून प्रशिक्षित नर्स शिशाच्या आवरणातली सिरिंज नळीला जोडून शेजारी बसून राहते. टेक्नेशियम दर सहा तासांनी निम्मं होतं. सकाळी नऊला जेवढ्या मिलिलिटरमध्ये पूर्ण डोस होता, दुपारी तीनला त्यासाठी दुप्पट मिलिलिटर द्यावे लागतात. हा तक्ता सिरिंजशेजारी चिकटवलेला नसेल तर ऐन वेळी गणित चुकतं. औषधानंतर सलाईनचा जोरदार फ्लश विसरला, तर औषध नळीतच पडून राहतं. शिवाय किरणोत्सारी औषध वॉर्डात ठेवायचं म्हणजे एईआरबीचे, अणुऊर्जा नियामक मंडळाचे, नियम आले, म्हणून प्रत्येक ठिकाणी हे होत नाही.

नंतर निदान २४ तास फिट न आलेल्या दिवशी दुसरा स्कॅन काढतात, पहिल्यातून तो वजा करतात आणि उरलेला फरक एमआरआयवर ठेवतात. याला सिस्कॉम म्हणतात. वजाबाकीशिवाय नुसत्या नजरेने वाचलेला स्पेक्ट फसवा. उशिरा दिलेल्या इंजेक्शनचा तर उलटाच घोटाळा: फिट पसरून दुसऱ्या बाजूला गेलेली असते आणि ती बाजू उजळते. फिट संपल्यावर दिलं तर उगमाचा भाग दमून रक्त कमी घेत असतो, तो गडद दिसतो. रिपोर्टवर फिट सुरू झाल्यापासून इंजेक्शनपर्यंतचे सेकंद लिहिलेले नसतील, तर त्या रिपोर्टला अर्थ नाही. दहा-पंधरा सेकंदांत संपणाऱ्या फ्रंटल, म्हणजे कपाळामागच्या भागातल्या, फिटसाठी ही तपासणी जवळजवळ निरुपयोगी. तुमच्या भावाच्या दीड मिनिटाच्या फिटमध्ये शक्य आहे, पण तिची गरज पडायची वेळ फार उशिरा येईल.

एमईजी हे नावही कानावर येईल. मेंदूतल्या विजेचं चुंबकीय क्षेत्र टिपणारं यंत्र, बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये आहे. पृष्ठभागाजवळच्या उगमासाठी ते छान. खोलातल्या हिप्पोकॅम्पसकडून त्याला क्षीण संदेश मिळतो. तुमच्या प्रश्नात ते पहिल्या फळीत येत नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण डाव्या टेम्पोरलच्या बाबतीत जे उगमाइतकंच महत्त्वाचं आहे ते: तिथे काम काय चालतं? डावा हिप्पोकॅम्पस शब्दांची स्मृती सांभाळतो. तो सुकलेला असेल, तर त्याचं काम आधीच बरंचसं गेलेलं असतं आणि तो काढल्यावर नुकसान कमी होतं. तो चित्रात धडधाकट असेल आणि शब्दस्मृतीची परीक्षाही उत्तम येत असेल, तर तो काढल्यावर नावं, निरोप, वाचलेलं लक्षात राहणं यांत ठळक घट होऊ शकते. म्हणजे एमआरआय ‘नॉर्मल’ येणं ही इथे चांगली बातमी नाही.

भाषेची बाजू फंक्शनल एमआरआयने बघतात. अर्धा मिनिट काम, अर्धा मिनिट विश्रांती, असं आलटून-पालटून, आणि त्या वेळी रक्तातल्या ऑक्सिजनच्या बदलाने होणारा एक-दोन टक्क्यांचा फरक मोजायचा. काम मातृभाषेत असावं यासाठी आग्रह धरा. घरी मराठी बोलणाऱ्या मुलाला इंग्रजी शब्द जुळवायला सांगितले तर तो अर्धा वेळ गोंधळतो आणि चित्र दुबळं येतं. ‘भाकरी’ म्हटलं की मनात ‘थापणे’, ‘विहीर’ म्हटलं की ‘शेंदणे’, असं नामावरून क्रियापद काढायला लावणं मराठीत छान चालतं. आदल्या दिवशी सराव करून घ्या. मानसशास्त्रज्ञांची स्मृतीची परीक्षाही मराठीतच व्हावी, नाहीतर भाषेची अडचण स्मृतीच्या नावावर जमा होते. हा एमआरआय उगम दाखवत नाही. कुठे हात लावू नये ते दाखवतो.

आणि इतकं करूनही धागे जुळले नाहीत तर स्टीरिओ ईईजी. पॅरिसमध्ये तालेराक आणि बांको यांनी उभी केलेली ही पद्धत: कवटीला बारीक छिद्रं पाडून ०.८ मिलिमीटर जाडीचे आठ ते पंधरा इलेक्ट्रोड थेट आत, हिप्पोकॅम्पसपर्यंत, घालायचे आणि एक-दोन आठवडे फिटची वाट बघायची. रक्तवाहिन्या चुकवून वाट आखायला कॉन्ट्रास्टचा एमआरआय लागतो, तरी रक्तस्रावाचा थोडा धोका उरतोच. प्रत्येक इलेक्ट्रोडला आपल्या भोवतीचे काही मिलिमीटरच ऐकू येतात. अंदाज चुकीचा असेल तर पंधरा इलेक्ट्रोड घालूनही उगम दोन बोटांवर निसटतो. म्हणून ‘एमआरआयमध्ये काही नाही, थेट आत बघूया’ असं कुणी म्हणालं, तर आधी विचारा की कोणत्या अंदाजावर कुठे घालणार.

दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत तर तो औषधांना दाद न देणारा अपस्मार, ही २०१० पासूनची व्याख्या आहे. तुमच्या भावाची तीन झाली. चौथ्याची वाट बघत आणखी पाच वर्षं घालवू नका. टेम्पोरल लोबच्या शस्त्रक्रियेची कॅनडातली चाचणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षअखेर शस्त्रक्रियेच्या गटात ५८ टक्के लोक शुद्ध हरपणाऱ्या फिटपासून मुक्त होते, नुसत्या औषधांच्या गटात ८ टक्के. दिल्लीच्या एम्सने मुलांवर केलेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ७७ विरुद्ध ७ टक्के असा फरक निघाला. त्या गटांत निवड काटेकोर होती, म्हणून हे आकडे जसेच्या तसे तुमच्या भावाला लावू नका. त्याचा आकडा नवा एमआरआय आणि व्हिडिओ ईईजी शेजारी ठेवल्यावरच सांगता येईल.

पुढच्या भेटीला जाताना जुन्या एमआरआयची सीडीही न्या. बऱ्याचदा नव्या चित्रात डाव्या बाजूला काही दिसलं की जुन्यातही तेच पुसटसं सापडतं, आणि दोन वर्षांत ते वाढलं की तसंच आहे यावरून ती गाठ आहे की जुना व्रण, हे कळायला मदत होते. तपासण्यांच्या तारखा ठरेपर्यंत गोळीची एकही वेळ चुकू देऊ नका, आणि डोंबिवलीहून गाडी पकडताना त्याला दारात उभं राहू देऊ नका.